अंधारखोलीतले घुबडकाका

त्यांना घुबड हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. ठेवणारा नोकरी सोडून गेला, नाव मागे राहिलं. आधी लोक पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. मग नव्या पोरापोरींनी त्याला मानाने 'काका' जोडलं आणि घुबडकाका हे नाव असं काही रुळलं की दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव वाचून एका पाहुण्याने विचारलं, "हे गृहस्थ अजून असतात का इथे?" त्या वेळी दार उघडून समोर घुबडकाकाच उभे होते.

नावात चेष्टा थोडी आणि कौतुक जास्त होतं. ते काम करत त्या प्रयोगशाळेत माणसाच्या डोळ्यातलं एक प्रथिन बनवत. कुणाच्या डोळ्यातून काढून नाही. त्याचं जनुक पेशींमध्ये घालायचं, त्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवायच्या आणि त्यांच्याकडून ते प्रथिन करून घ्यायचं. कागदोपत्री ते 'पुनर्संयोजित मानवी प्रथिन', बोलताना नुसती 'गुलाबी'. कारण ते असतंच गुलाबी. डोळ्याच्या पडद्यात बसून उजेड झेलणं हे त्याचं काम. तिन्हीसांजेला आपल्याला अंगणातली बादली दिसते ती त्याच्याच जिवावर. पण उजेड लागला की ते आपलं काम करून मोकळं होतं, पिवळं पडतं आणि संशोधकांच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणून सगळं काम अंधारखोलीत, एका मंद लाल दिव्याखाली चाले. तो लाल रंग गुलाबीला जवळजवळ जाणवत नाही. माणसाला मात्र त्यात कसंबसं दिसतं.

त्या खोलीत बाकीचे लोक चाचपडत. कुणी बर्फाच्या बादलीत हात घाली, कुणी दुसऱ्याच्या पायावर पाय देई, एकाने तर नळी समजून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची करंगळी धरून ओढली होती. घुबडकाका मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात वावरावं तसे वावरत. हात बरोबर पिपेटवर पडे. थेंबसुद्धा सांडत नसे.

"काका, तुमचे डोळे विकायला काढा ना," पोरं म्हणत.

"घ्या की. पण वापरलेले आहेत. एकदा नेले की परत घेणार नाही."

सगळे हसत. काकाही हसत.

काकांचा एकच हट्ट होता. टेबलावरची वस्तू जागची हलता कामा नये. पिपेट उजव्या हाताशी, बर्फाची बादली डाव्या कोपराशी, नळ्यांचा स्टँड थेट छातीसमोर. कुणी काही सरकवलं तर एरवी मऊ असणारे काका एकदम फटकारत, "हे काय बाजारातलं दुकान आहे, रोज नवीन मांडायला?" लोकांना वाटे, शिस्त म्हणतात ती ही. नवीन आलेल्यांना मॅडम सांगत, "काकांचं टेबल बघा. असं काम पाहिजे."

खरी गोष्ट अशी होती की त्या लाल दिव्यात घुबडकाकांना काहीही दिसत नसे.

हे त्यांच्या घरात चालत आलेलं होतं. वडिलांना होतं, थोरल्या बहिणीला होतं, आणि तिशी उलटल्यावर एका संध्याकाळी स्वतःच्या घराच्या पायऱ्या सापडेनात तेव्हा त्यांना कळलं की आपणही सुटलेलो नाही. दिवसाढवळ्या समोरचं लख्ख दिसे, बारीक अक्षर वाचता येई. पण नळकांड्यातून बघावं तसं, समोरचं तेवढंच. बाजूचं जग कडेने गळत चाललं होतं आणि अंधुक उजेडातलं तर पारच गेलं होतं. घुबडाचं नाव लावून हिंडणारा हा माणूस संध्याकाळनंतर बायकोच्या दंडाला धरल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. शेजारपाजारचे म्हणत, "या वयात बघा, नवीन लग्न झाल्यासारखे हातात हात!" बायको लाजल्यासारखं करी आणि मग त्यांना हळूच सांगे, "पुढे खड्डा आहे."

तिला ठाऊक होतं. कामाच्या ठिकाणी कुणालाच नव्हतं. गुलाबीचं काम सुरू करायचं ठरलं, अंधारखोली बांधायला घेतली, तेव्हा मॅडमनी सहज विचारलं होतं, "काका, डोळे कसे आहेत तुमचे?" आणि काका म्हणाले होते, "उत्तम." जिभेला जराही जड न जाता तो शब्द आला. मग तो खरा करून दाखवण्यात सगळी वर्षं गेली. भर दुपारी, कुणी नसताना, ते अंधारखोलीत जाऊन बसत आणि डोळे मिटून हातांना जागा शिकवत. थेंब नळीत किती उंचीवर पडतोय ते आवाजावरून ओळखायला शिकले. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या की आत काहीतरी आक्रसून जाई.

आणि एक टॉर्च. अंगठ्याएवढा, कोटाच्या आतल्या खिशात. त्याच्या काचेवर लाल कागद डकवलेला. एखादं झाकण घरंगळलं, एखादी नळी सापडली नाही, तर पाठ करून पटकन पाहून घ्यायला. त्याबद्दल त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

प्रयोगशाळेत गुलाबीची एक बहीण होती. तिला 'वाकडी' म्हणत. काही घराण्यांत या प्रथिनाच्या साखळीतला एकच मणी बदललेला असतो. तेवढ्यानेच त्याची घडी नीट बसत नाही आणि माणसाची दृष्टी हळूहळू जाते. ते बिघडलेलं प्रथिन मुद्दाम बनवायचं, म्हणजे त्याची घडी कशाने बसेल ते संशोधकांना तपासता येतं. वाकडी नावाप्रमाणेच होती. ढीगभर पेशी वाढवाव्यात तेव्हा तळाशी साखरेच्या चिमटीएवढी पदरात पडे. काकांच्या घराण्यातला बदल हाच की दुसरा, हे तपासून घेता आलं असतं. मॅडमच्या ओळखीचे डॉक्टर अशा घराण्यांतल्या कुणाचंही रक्त तपासून देत. काकांनी कधी बाहीसुद्धा वर केली नाही.

त्या दिवशी वाकडीच होती. काका आत होते आणि बरोबर 'नवी'. नवी येऊन वर्ष होत आलं होतं, पण तिच्यानंतर कुणी आलं नव्हतं म्हणून ती नवीच राहिली. चुणचुणीत, तोंडाळ, कामाला वाघ. तिची नेमणूक वर्षाच्या कराराची होती आणि महिनाअखेरीस तो संपत होता. पुढचा करार मिळणार हे सगळे धरून चालले होते.

"काका, स्टँड जरा अलीकडे घेतलाय. माझं कोपर लागत होतं," असं ती म्हणाली की नाही, हे नंतर काकांना किती आठवूनही आठवलं नाही. म्हणाली असेल. तेव्हा त्यांचे कान थेंबांकडे लागले होते. ती धुण्याचं द्रावण आणायला बाजूच्या थंड खोलीत गेली, मागे जाड पडदा पडला. काकांनी पुढची नळी घ्यायला हात पुढे केला आणि हात नुसत्या टेबलावर पडला.

स्टँड नव्हता. त्यांनी उजवीकडे चाचपलं, डावीकडे चाचपलं. बोटांना काहीतरी लागून हललं. इकडे गाळणीतून थेंब टपटपत होते, भरत आलेल्या नळीचा आवाज वर वर चढत होता. ती भरून वाहिली असती तर वाकडी टेबलावर सांडली असती. त्यांनी खिशातून टॉर्च काढला आणि बटण दाबलं.

उजेड पडला. काकांच्या नळकांड्यातून रुपयाएवढा टेबलाचा तुकडा दिसला, मग दुसरा, मग बर्फ, मग स्टँड. आणि स्टँडवर उघड्या तोंडाच्या नळ्या. त्यांत गुलाबी रंग.

इतका सुंदर गुलाबी त्यांनी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. लाल दिव्यात गुलाबी गुलाबी दिसतच नाही, कुणालाच नाही. जे आपण हातांनी बनवतो ते असं दिसतं तर, म्हणून ते क्षणभर बघत राहिले. आणि मग डोक्यात लख्ख झालं, की हा रंग दिसतोय याचा अर्थ हा उजेड लाल नाही. काचेवरचा कागद कधीच निघून गेला होता. खिशात घासून घासून गेला असणार. त्यांच्या डोळ्यांदेखत रंग उडत होता. पहाटेचं आभाळ उतरतं तसा.

टॉर्च खिशात गेला. पडदा हलला.

"काका, हाक मारलीत का?"

"नाही."

संध्याकाळच्या आत दोघांनी मोजणीच्या यंत्रात नळी घातली. पडद्यावर रेघ उमटते आणि गुलाबी शाबूत असेल तर मधोमध एक उंचवटा येतो. त्याला सगळे डोंगर म्हणत.

"काका," नवी म्हणाली, "डोंगर कुठे गेला?"

काका पडद्याजवळ वाकले.

"डावीकडे सरकलाय. पिवळी पडली, काका. पिवळी पडली! पण कशी? दार बंद होतं, पडदा लावलेला, मी स्वतः..." आणि ती बोलता बोलता थांबली. तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट वळलं की ज्याची तबकडी आपोआप उजळते, तसलं घड्याळ होतं तिथे. आत जाताना ते काढून बाहेरच्या टोपलीत ठेवायचं, हा त्या खोलीचा पहिला नियम.

"मी काढलंच नाही," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. "काका, मी घड्याळ काढलंच नाही. नळ्या मीच हातात धरल्या होत्या ना सकाळी? माझ्यामुळे गेलं सगळं."

एखाद्या बंद गल्लीत माणूस अडकावा आणि समोर कुणीतरी आपण होऊन दार उघडावं, तसं ते झालं. काकांना काही करायचं नव्हतं. नुसतं त्या दारातून बाहेर पडायचं होतं.

"कितीदा सांगितलंय," काका म्हणाले.

एवढंच. तिने ओंजळीत तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर म्हणाले, "जाऊ दे. होतं असं. मी बोलतो मॅडमशी."

ते बोललेही. मॅडमच्या खोलीत उभं राहून त्यांनी नवीची बाजू मांडली. हुशार आहे, एकदा चुकली, सांभाळून घ्या. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"काका, ही बॅच कुणासाठी होती तुम्हाला माहीत आहे. तिकडे औषध शोधणारी ती माणसं केव्हाची थांबली आहेत. आता पेशी वाढवण्यापासून सगळं परत. आणि नियम काय अवघड होता का? घड्याळ काढायचं! मी तिची शिफारस करणार होते हो. आता कशी करू? कुणाच्या भरवशावर तिला आत सोडू?"

"मी असतो ना बरोबर."

"तुम्ही होतातच की बरोबर." मॅडम हसल्या, त्यात बोचरं काही नव्हतं. "तुमचं मन मोठं आहे. दुसरा कुणी असता तर तिच्या नावाने शंख केला असता. पण नाही, काका. महिनाअखेरीला तिला सोडावं लागेल."

काका वळले आणि दाराजवळच्या कचऱ्याच्या टोपलीवर धडकले. ती लवंडली.

"कुणी ठेवली ही इथे?"

"ती तिथेच असते, काका," मॅडम म्हणाल्या. "किती मनाला लावून घेता तुम्ही दुसऱ्याचं."

खाली जिन्यात नवी उभी होती. म्हणाली, "चला, मी चहा पाजते तुम्हाला. माझ्यासाठी शब्द टाकलात म्हणून." आणि काकांनी तो चहा प्यायला. पूर्ण. वर बिस्किटही खाल्लं.

रविवारी दुपारी ते थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेले. त्यांच्या घरात सगळं जाणंयेणं दुपारीच होई. अक्काची दृष्टी आता पूर्णच गेली होती. ती खिडकीपाशी बसून मटाराच्या शेंगा सोलत होती. दाणे टोपात, सालं कागदावर, एकही इकडचा तिकडे नाही.

"ये, धाकट्या. चप्पल फरफटवतोयस, म्हणजे काहीतरी झालंय."

"काही नाही गं. कामावर जरा गडबड. एक पोरगी आहे, तिच्या हातून एक मोठी बॅच गेली." आणि काकांनी सगळी हकिकत सांगितली. सगळी म्हणजे घड्याळाची. अक्कालासुद्धा. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण ती चांगली रंगवून सांगतोय, तिच्या आवाजाची नक्कल करतोय.

"बिचारी," अक्का म्हणाली. "मग तू काय म्हणालास तिला?"

"काय म्हणणार? म्हटलं, जाऊ दे, होतं असं."

अक्काची बोटं थांबली.

"बाबांचं वाक्य," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तू लहान होतास. आपला रेडिओ फुटला होता, आठवतो? दिवेलागणीला बाबा आतून आले, भिंतीकडे गेले आणि रेडिओसकट आडवे झाले. उठले आणि म्हणाले, दप्तर वाटेत कुणी टाकलं? आता माझं दप्तर खुंटीला होतं, धाकट्या. मी बघत होते त्याच्याकडे. सगळे बघत होते."

"मग?"

"मग मी म्हटलं, मी टाकलं, बाबा, चुकले. तेव्हापासून मी वेंधळी. मामा वेंधळी म्हणायचा, आत्या म्हणायची. सासरी माझ्याआधी माझा वेंधळेपणा पोचला होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे, होतं असं. माफ केलं मला."

"तुला माहीत होतं तेव्हा? त्यांना दिसत नाही ते?"

"घरात माहीत कुणाला नव्हतं? आई रोज अंधार पडायच्या आत खुर्च्या भिंतीला लावायची, ती काय कवायत म्हणून? मला रेडिओचं काही वाटत नाही रे. बोलणी खाल्ली त्याचंही नाही. पण त्यांनी मला माफ केलं ना, ते अजून जात नाही." तिने पुढची शेंग उचलली. "लाल दिव्यात दिसतं तुला?"

"दिसतं की. थोडंफार."

"हं," अक्का म्हणाली. "मी काही विचारत नाहीये. शेंगा सोल."

काकांनी शेंगा सोलल्या. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. समोरच्या बाईला काही दिसत नव्हतं, तरी त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पुढचे दिवस त्यांनी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. सकाळी आरशासमोर वाक्य तयार असे, मॅडमच्या दारापर्यंत ते मोडून जाई. एकदा आत गेलेही आणि बर्फाचं यंत्र बिघडलंय असं सांगून परत आले. यंत्र ठणठणीत होतं. माणूस येऊन तपासून गेला.

इकडे नवीने बोलणं कमी केलं होतं. टेबल तीनतीनदा पुसे, दार लावलं की परत जाऊन बघे. कुणी हाक मारली की दचकून आधी स्वतःच्या हातांकडे पाही. एका दुपारी ती चहाच्या खोलीत काकांसमोर येऊन बसली.

"काका, मला दुसरीकडे बोलावलंय. मुलाखतीला."

"अरे वा."

"तिथेही असलंच काम आहे, अंधारातलं. खरं सांगू? मला भीती वाटते आता. पण तुम्ही मला शिकवलंत तर जाईन म्हणते. मला लाल दिव्यात नळीची कड दिसते, आतलं पाणी दिसत नाही. तुम्हाला किती दिसतं?"

साधा प्रश्न होता. इतक्या वर्षांत तो या शब्दांत कुणी विचारला नव्हता. सगळे 'तुम्हाला कसं काय इतकं दिसतं' असंच विचारत.

"डोळे मिटल्यावर तुला जेवढं दिसतं तेवढं," काका म्हणाले.

नवी बऱ्याच दिवसांनी हसली. "काका, डायलॉग नको. खरं सांगा ना."

"खरंच सांगतोय. काही दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मला डोळ्यांचा आजार आहे. आपण ज्याच्यासाठी वाकडी बनवतो त्यातलाच. घरात आहे आमच्या."

तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरल्यासारखं. "पण तुम्ही तर... पिपेट, नळ्या..."

"जागा पाठ आहेत. थेंबाचा आवाज कळतो."

"आणि जागेवर नसलं काही, तर?"

काकांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. टॉर्च टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. चहाच्या कपावर पांढराशुभ्र ठिपका पडला.

नवी त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"हा पांढरा आहे," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी मी थंड खोलीत गेले तेव्हा?"

"हो."

"बंद करा तो."

काकांनी बंद केला. तिने कप बाजूला सारला. मग बोलली तेव्हा आवाज हळू होता आणि त्यानेच जास्त लागलं.

"मी ते घड्याळ टाकून दिलं, काका. आईने दिलेलं होतं. तिला सांगितलं हरवलं. ती म्हणाली, काही सांभाळता येत नाही तुला. मी म्हटलं, हो गं आई, खरंच येत नाही." तिने श्वास घेतला. "आणि तुम्ही म्हणालात, कितीदा सांगितलंय."

"हो."

"तुम्ही मला माफ केलंत!" आता आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. "मी तुम्हाला त्याबद्दल चहा पाजला!"

"मी मॅडमना सांगतो."

"कधी?"

"उद्या सकाळी पहिल्यांदा..."

"आत्ता. आत्ता जा. उद्यापर्यंत तुम्ही माझ्यासाठी आणखी काहीतरी मोठ्या मनाचं कराल."

काका उठले. मॅडमच्या खोलीत बैठक चालू होती, चारपाच जण बसलेले. परत जायला निमित्त होतं. पण मागे चहाच्या खोलीच्या दारात ती उभी असणार, या जाणिवेने ते आत गेले आणि दार लोटून उभे राहिले.

"मला सांगायचंय," ते म्हणाले. "मला डोळ्यांचा आजार आहे. अंधारात मला दिसत नाही. पहिल्यापासून."

सगळ्यांनी माना वर केल्या. मग एकेक चेहरा मऊ होत गेला. समोरचे चेहरे काकांना स्वच्छ दिसत होते, एकेक करून. "अरेरे," कुणीतरी म्हणालं. कुणी खुर्ची पुढे केली. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "काका! आणि इतकी वर्षं तुम्ही एकटे..."

तेव्हा काकांना कळलं की आपण सुरुवात कुठून केली. सांगायला आले होते खोटेपणा आणि पुढे केला आजार. थोरल्याच्या मागे लपून धाकट्याने घरात शिरावं, तसं आता ते खोटं आजाराच्या पाठीमागून आत शिरणार होतं. हेही त्यांनी योजलेलं नव्हतं. 'उत्तम' आलं होतं, 'कितीदा सांगितलंय' आलं होतं, तसंच हेही जिभेवर आपोआप आलं.

"ऐका," ते म्हणाले. "बॅच मी घालवली. माझ्याकडे टॉर्च होता, पांढरा. घड्याळाचा काही संबंध नाही."

"पाणी घ्या आधी."

"डोळ्यांचं राहू द्या हो. मी त्या पोरीला दोष घेऊ दिला. वर तिला बोललो. तुम्ही तिला काढत होता आणि मी इथे उभा राहून तिची शिफारस..."

"कळतंय, काका. कळतंय आम्हाला. घाबरला असाल. माणूस घाबरतो."

"मी घाबरलो नव्हतो," काका म्हणाले. पण तोवर कुणीतरी त्यांच्या हातात पेला दिला होता आणि त्यांच्या खांद्यावर हात होता.

नवी राहिली. मॅडमनी तिला बोलावून सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त केली आणि करार पुढे चालू केला. अंधारखोली तिच्याकडे आली. काकांना पेशी वाढवायच्या खोलीत दिलं. मोठ्या खिडक्या, पांढरे दिवे, फडताळात ओळीने बाटल्या. लोक फार चांगले वागले. पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या लावल्या. कॉरिडॉरमध्ये कुणी ना कुणी कोपराला धरू लागलं. घुबड हे नाव एका दिवसात बंद झालं, न ठरवता, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. "तुमच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही लपवलं असतं," असं एकाने त्यांना सांगितलं. काकांनी मान हलवली. कशाबद्दल बोलतोय ते विचारलं नाही.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्या दंडाला धरून चालता ते ठीक आहे. पण त्या पोरीच्या मानेवर पाय दिलात." आणि ताट वाढलं. त्या आठवड्यात त्यांच्याशी कुणी नीट बोललं असेल तर ती.

वाकडीची नवी बॅच लावायची होती. पेशी काकांनी वाढवल्या. रोज सकाळी बाटल्या उजेडात धरून बघत, एकेक निरखत, एखादी जरा गढूळ वाटली तर बाजूला काढत. मग ट्रॉली ढकलत अंधारखोलीपर्यंत नेत. नवी दारात येऊन मोजून घेई. "ठेवा." "झाल्या." "उद्या लवकर." एवढंच बोलणं. शिष्टपणा नव्हता, कामात चूक काढणंही नव्हतं. फक्त पूर्वीचं काही नव्हतं.

ज्या दिवशी मोजणी होती त्या दिवशी सगळे यंत्राभोवती जमले. काका मागे उभे राहिले. रेघ सरकत आली, वर चढली आणि मधोमध डोंगर उभा राहिला. लहानसा, वाकडीचा असतो तेवढा, पण जागच्या जागी. आरडाओरडा झाला. मॅडमनी नवीला मिठी मारली.

"काकांनाही श्रेय द्या हं," कुणीतरी म्हणालं. "पेशी त्यांच्या."

"पेशी चांगल्या होत्या," नवी म्हणाली. ते खरं होतं म्हणून म्हणाली.

सगळे पांगल्यावर काका रिकाम्या बाटल्या ट्रॉलीवर लावत होते. ती शेजारी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"रागावली आहेस अजून?" काकांनी विचारलं.

तिने हातातली चिठ्ठी नीट दाबून चिकटवली. मग सरळ त्यांच्या समोर आली, त्यांना दिसेल अशी.

"हो," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. चेहरा पुन्हा तापला होता, कानापर्यंत. ते बाटल्या धुवायला घेऊन गेले.